बोरची वही: आधी तारीख, मग कविता

प्रश्न तीन आहेत. मिक्लोश राद्नोती या हंगेरियन कवीच्या शेवटच्या वहीतल्या कविता कोणत्या क्रमाने वाचायच्या? कबरीत एकोणीस महिने पडून राहिलेली वही वाचता येण्याजोगी उरली कशी? आणि त्याच काळातली, दुसऱ्या महायुद्धातली एखादी हस्तलिखित वही आपल्या घरातल्या ट्रंकेत सापडली, तर तिचे काय करायचे? पहिल्या प्रश्नाला सर्वांत जास्त जागा लागेल, कारण चांगले वाचकही तिथेच घसरतात.

आधी पार्श्वभूमी. राद्नोतीचा जन्म 5 मे 1909 रोजी बुडापेस्टमध्ये, ज्यू कुटुंबात झाला. युद्धकाळात हंगेरीचे सैन्य ज्यू पुरुषांच्या हाती शस्त्र न देता त्यांना सक्तीच्या मजुरीला जुंपत असे. राद्नोतीला असे तीनदा बोलावणे आले. तिसरे 20 मे 1944 चे. या वेळी त्याला सर्बियातल्या बोर इथे, तांब्याच्या खाणींच्या मुलखात रेल्वेमार्गाच्या कामावर नेले. तिथल्या छावण्यांना जर्मन गावांची नावे दिलेली होती. त्याच्या छावणीचे नाव हायडेनाऊ, आणि ती झागुबित्सा गावाच्या वर डोंगरात होती. तिथे त्याच्या हाती सर्बियात तयार झालेली एक लहान, खिशात मावणारी वही आली. तिच्यात दहा कविता आहेत. तेव्हा त्याचे वय 35.

ही रोजनिशी नव्हे. रोजनिशी त्याने आधीच्या वर्षांत वेगळी ठेवली होती आणि ती पुढे छापलीही गेली. पण या वहीतल्या प्रत्येक कवितेखाली तारीख आहे, बहुतेकींखाली स्थळही आहे, आणि त्या ओळींमुळेच ती रोजनिशीचे काम करते. अनुवादित संग्रहांत या ओळी बारीक टाइपात तळाशी जातात किंवा चक्क गाळल्या जातात. वहीचा अर्धा अर्थ तिथेच सांडतो.

तारखा अशा आहेत. सातवी एक्लोग (एक्लोग म्हणजे गोपगीताच्या जुन्या घाटाची कविता) जुलै 1944. ‘मूळ’ ही छोटी कविता 8 ऑगस्ट. फ्रेंच शीर्षकाची, हरवलेल्या मित्रांची आठवण काढणारी कविता 17 ऑगस्ट. आठवी एक्लोग 23 ऑगस्ट. पत्नीला लिहिलेली पत्रकविता ऑगस्ट-सप्टेंबर, म्हणजे ती एका बैठकीत झालेली नाही. पहिली ‘राझग्लेद्नित्सा’ 30 ऑगस्ट, ‘डोंगरांमध्ये’. ‘सक्तीची कूच’ 15 सप्टेंबर, बोर. दुसरी राझग्लेद्नित्सा 6 ऑक्टोबर, चेर्वेन्का. तिसरी 24 ऑक्टोबर, मोहाच. चौथी 31 ऑक्टोबर, सेंतकिरायसाबाद्या. त्यानंतर काही नाही. रूढ तारखेनुसार 9 नोव्हेंबर 1944 रोजी द्यॉर शहराजवळच्या अब्दा गावी त्याला गोळी घातली गेली. त्या खड्ड्यात एकूण 22 जण होते.

राझग्लेद्नित्सा म्हणजे सर्बियन भाषेत चित्र असलेले पोस्टकार्ड. हा शब्द त्याने तसाच उचलला आणि त्याला हंगेरियन अनेकवचनाचा प्रत्यय लावला.

आता या तारखा बाहेरच्या घटनांशेजारी ठेवून पाहा. बोरहून कैद्यांची पहिली तुकडी 17 सप्टेंबरला पायी निघाली आणि राद्नोती तिच्यात होता. ‘सक्तीची कूच’ मात्र 15 सप्टेंबरची आहे. कोसळून पडलेला, पुन्हा उठून चालू लागलेला माणूस या कवितेत आहे, म्हणून ती त्या मृत्युयात्रेत चालता चालता लिहिली असे बिनदिक्कत छापले जाते. तारीख सांगते की मोठी कूच सुरू व्हायला अजून दोन दिवस होते. तोवर त्याच्या गाठीशी एवढेच चालणे होते: डोंगरातल्या छावणीतून बोरपर्यंतचे. कवितेतला दम अनुभवातून आलेला आहे, पण तो नंतरच्या अनुभवातून आलेला नाही.

दुसरी चूक चेर्वेन्काची. तिथे 7 ऑक्टोबरच्या रात्री आणि 8 च्या पहाटेपर्यंत शेकडो कैद्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्या गावाच्या नावाची राझग्लेद्नित्सा 6 तारखेची, म्हणजे हत्याकांडाच्या आदल्या दिवसाची आहे. तिच्यात नऊ किलोमीटरवर जळणाऱ्या गवताच्या गंजी आणि घरे आहेत, गप्प बसून चिलीम ओढणारे भेदरलेले शेतकरी आहेत. हत्याकांड तिच्यात नाही आणि असूही शकत नाही. टीपा लिहिणारे घाईने दोन्ही एकत्र बांधतात.

चौथ्या राझग्लेद्नित्सेत उलटे आहे. तिच्यात शेजारी कोसळलेला, मानेत गोळी लागलेला माणूस आहे. तो म्हणजे व्हायोलिनवादक मिक्लोश लोर्शी, असे सर्वसाधारणपणे मानतात. त्याला मारले ते चेर्वेन्काच्या पुढच्या वाटेवर, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. कविता आहे 31 ऑक्टोबरची. म्हणजे घटना आणि लेखन यांच्यात काही आठवडे गेले आहेत. कवितेत हंगेरियन ओळींच्या मधोमध एक जर्मन वाक्य येते, डोक्यावर उभ्या असलेल्या कुणाचे तरी. ते वाक्य इतके ताजे वाटते की वाचक ‘तिथल्या तिथे टिपले’ असे गृहीत धरतो. कवीलाही पुढे तसेच मरण आले, म्हणून कुणी या कवितेला भाकीत म्हणतात. भाकीत नको आणि थेट वार्तांकनही नको. ती आठवणीतून घडवलेली, सात ओळींत बसवलेली रचना आहे.

तिसरी अडचण छापील पुस्तकांनी निर्माण केली आहे. चारही राझग्लेद्नित्सा एकाच शीर्षकाखाली, एकामागोमाग, शेवटी छापतात. वाचताना त्या एका दमातल्या वाटतात. प्रत्यक्षात पहिली आणि दुसरी यांच्यात 37 दिवस आहेत आणि त्या फटीत ‘सक्तीची कूच’ बसते. म्हणून पुस्तक वाचताना तारखांची चिठ्ठी शेजारी ठेवा आणि पहिली राझग्लेद्नित्सा उचलून आठव्या एक्लोगच्या मागे वाचा. सूर लगेच बदलतो: तोफांचा आवाज तेव्हा दूरचा आहे आणि कवी अजून प्रेमकविता लिहू शकतो.

एक्लोगच्या आकड्यांतही एक खाच आहे. सहावी या नावाची एक्लोग नाही. तिसऱ्या बोलावण्याच्या आदल्या दिवशी, 19 मे 1944 रोजी लिहिलेला ‘तुकडा’ हीच सहावी असे बरेच संपादक धरतात. तो वहीत नाही, कारण वही अजून त्याच्याकडे आलेलीच नव्हती. एखाद्या वहीत मालिकेतला आकडा सुटलेला दिसला की पान फाटले असे लगेच ठरवू नये, ते यासाठी.

स्थळाच्या ओळीही नीट पाहण्यासारख्या आहेत. ‘लागर हायडेनाऊ, झागुबित्साच्या वर डोंगरात’ एवढ्या एका ओळीत छावणीला जर्मन शब्द आहे, गाव सर्बियन आहे आणि वाक्याची घडण हंगेरियन आहे. वहीच्या सुरुवातीला तर पाच भाषांत निवेदन आहे: हंगेरियन, सर्बियन, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी. या वहीत हंगेरियन कवी मिक्लोश राद्नोतीच्या कविता आहेत, ती बुडापेस्टला द्युला ऑर्तुताय यांच्याकडे पोचवावी, असा त्याचा आशय. ऑर्तुताय हे लोकसाहित्याचे अभ्यासक आणि कवीचे जुने मित्र. हे निवेदन मलपृष्ठावरच्या मजकुरासारखे बाजूला टाकू नका. वही कुणाच्या हाती पडेल, शेतकऱ्याच्या, शिपायाच्या की कबर खणणाऱ्याच्या, याचा हिशेब करून लिहिलेला तो वहीतला पहिला मजकूर आहे. संपादनात तो कवितांच्या आधी, पाचही भाषांत, लेखनातल्या चुकांसकट यायला हवा.

लिहून काढताना, म्हणजे नक्कल करताना, या वहीत दोन ठिकाणी हमखास गफलत होते. ‘सक्तीची कूच’मध्ये प्रत्येक ओळ मध्यावर तुटते आणि तिथे रिकामी जागा सोडलेली आहे. मध्ययुगीन जर्मन कवी वाल्टर फॉन डेर फोगलवायडे याच्या विलापिकेचा तो घाट. नक्कल करणारा किंवा संगणक ती जागा मिटवतो, आणि अडखळत पाऊल टाकणारी ओळ सरळ चालू लागते. अशी जागा असेल तर तिची रुंदी मोजून नोंदवावी. दुसरे, सातव्या एक्लोगमध्ये कवी म्हणतो की अंधारात, अक्षरांवरची चिन्हे न देता, ओळीखाली ओळ चाचपत लिहितो आहे. मराठीत काना, मात्रा, वेलांटी न देता लिहावे तसे. ही कवितेतली ओळ आहे, हस्तलिखिताचे वर्णन नव्हे. ती खरी की खोटी हे पानावरची चिन्हे एकेक मोजून ठरवायचे, कवितेवर विसंबून नाही. अंधारात खरडलेला कच्चा मजकूर आणि सवडीने उतरवलेली पक्की प्रत यांत फरक असतो. सरळ ओळी, सारखा समास, खाडाखोड नसणे ही पक्क्या प्रतीची लक्षणे.

वही मिळण्याआधीच यातल्या काही कविता लोकांपर्यंत पोचल्या होत्या, हेही लक्षात ठेवा. राद्नोतीने पाच कविता सुट्या कागदांवर उतरवून शांदोर सालाय या सोबत्याकडे दिल्या होत्या. सालाय दुसऱ्या तुकडीत होता. त्या तुकडीला युगोस्लाव पार्टिझनांनी, म्हणजे गनिमी सैनिकांनी, सोडवले आणि तो वाचला. सप्टेंबरच्या मध्यानंतर दोघांची गाठ नाही. म्हणजे ऑक्टोबरच्या तिन्ही राझग्लेद्नित्सा फक्त वहीतच असणार. वही गेली असती तर त्या गेल्या असत्या. ज्या कवितांचे दोन साक्षीदार आहेत त्यांत पाठभेद तपासायचे आणि ज्यांचा एकच आहे तिथे प्रत्येक पुसट अक्षर जपून वाचायचे. पाठचिकित्सेचा हा साधा नियम इथे जीवनमरणाच्या रेषेवर येऊन बसला आहे.

आता दुसरा प्रश्न. अब्दाची कबर जून 1946 मध्ये उकरली गेली. शवतपासणीच्या नोंदीनुसार मृताच्या कपड्यांच्या खिशात एक लहान वही होती, शरीरातल्या द्रवांनी भिजलेली, ओल्या मातीने काळी पडलेली. ती साफ करून उन्हात वाळवली. बंद वही मातीत दाबली गेली की पाने एकमेकांवर घट्ट बसतात. ओल कडांकडून आणि पुठ्ठ्याकडून आत येते, त्यामुळे आधी कडा आणि बाहेरची पाने बिघडतात, मधली पाने उशिरा. हवा कमी पोचते म्हणून बुरशीही मंदावते. खरा धोका वही बाहेर काढल्यानंतर सुरू होतो. हवा आणि ऊब मिळताच दोन दिवसांत बुरशी उठू शकते, आणि कडक उन्हात कागद आकसून पाने चिकटतात.

कोणत्या साधनाने लिहिले आहे यावर बाकीचे ठरते. साध्या पेन्सिलीचे शिसे म्हणजे कार्बन. ते पाण्यात विरघळत नाही, फक्त घासले की जाते. लोहयुक्त काळी शाई पाण्यात बरीच टिकते, पण आम्लामुळे कागद खाते. रंगद्रव्याची निळी-जांभळी शाई पाण्यात पसरते. आणि युद्धकाळातली सर्वांत फसवी वस्तू म्हणजे कॉपिंग पेन्सिल. कोरडी असताना ती साध्या पेन्सिलीसारखी करडी दिसते, आणि पाण्याचा थेंब लागला की जांभळी होऊन पसरते. म्हणून करडे अक्षर दिसले तरी ओला बोळा लावून ‘पाहायचे’ नाही. भिंगाखाली कुठे जांभळा ठिपका दिसतो का, घाम लागलेल्या कोपऱ्यांवर रंग फुटला आहे का, एवढेच पाहायचे.

तिसरा प्रश्न, घरातली वही. मराठी घरांत अशा वह्या निघणे नवलाचे नाही. ज्या जुलै 1944 मध्ये राद्नोती सातवी एक्लोग लिहीत होता, त्याच महिन्यात मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होती. नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथल्या 10 जुलैच्या लढाईसाठी.

वही ओली असेल तर उघडू नका. पॉलिथिनच्या पिशवीत घालून, हवा काढून, फ्रीजरमध्ये ठेवा, 48 तासांच्या आत. गोठल्याने काही दुरुस्त होत नाही, पण बुरशी थांबते आणि शाई पसरत नाही. मग कागद-संवर्धकाकडे न्या. तिथे निर्वात यंत्रात बर्फाची थेट वाफ करून वाळवता येते. नुसती दमट असेल तर दर आठ-दहा पानांनंतर पांढरा टिपकागद घाला, पंखा खोलीत फिरता ठेवा पण वहीवर रोखू नका, आणि टिपकागद तासा-दोन तासांनी बदला. हेअर ड्रायर, इस्त्री, ऊन, काहीही नको.

कोरडी असेल तर घाई कशाचीच नाही. बुरशीची पावडर मऊ ब्रशने झटका, मास्क लावून, घराबाहेर. कसर लागली असेल तर डांबरगोळ्या वहीला खेटून ठेवू नका. वाफेने शाईत फरक पडतो आणि कसर दुसऱ्या कपाटात जाते, एवढेच. सेलोटेप, फेव्हिकॉल आणि लॅमिनेशन या तिन्हींनी कबरीतल्या मातीपेक्षा जास्त वह्या मारल्या असतील. फाटलेल्या पानाला संवर्धक जपानी पातळ कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात, ती पुढे पाण्याने सुटते. गंजलेल्या पिना ओढून काढू नका. आधी त्यांची जागा आणि पानांच्या जुड्या कशा बसल्या आहेत याचे फोटो घ्या.

त्यानंतर मोजणी. पाने मोजा, कोरी पानेही. वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने बारीक 1अ, 1ब, 2अ असे क्रमांक घाला. शिवणीपाशी फाटलेल्या पानाचे बुंध दिसले तर त्यालाही क्रमांक द्या. जुडीत एका बाजूला बुंध असेल तर समोरच्या अर्ध्यातले जोडपान कोणते हे कळते, आणि किती मजकूर गेला याचा अंदाज येतो. मागच्या पानावर उठलेले अक्षरांचे दाब टॉर्च अगदी आडवा, पानाशी 15-20 अंशांत धरून पाहा. फाडलेल्या पानावरचा मजकूर कधी कधी पुढच्या पानावर दाबाच्या रूपात राहिलेला असतो.

प्रतिमा 600 डीपीआयच्या, टिफमध्ये, प्रत्येक फ्रेममध्ये पट्टी आणि रंगपट्टी ठेवून. फिकट झालेल्या लोहयुक्त शाईसाठी अतिनील प्रकाश, कारण ती त्यात गडद दिसते. मळलेल्या पानावरच्या पेन्सिलीसाठी अवरक्त, कारण कार्बन तो शोषतो आणि डाग बरेचदा नाहीसे होतात. दोन्ही सोयी मोठ्या संग्रहालयांच्या प्रयोगशाळांत असतात.

लिहून काढताना पहिली प्रत जशीच्या तशी. ओळ तुटते तिथेच तोडा, शुद्धलेखन सुधारू नका. खोडलेला शब्द खोडून दाखवा. काकपद देऊन वर घातलेला शब्द वर दाखवा. न वाचलेल्या अक्षराला एक टिंब, संशयितला चौकटी कंस. पेन्सिलीचे टोक बोथट होत होत अचानक धारदार झाले, तर तिथे बैठक बदलली असे समासात नोंदवा. मोडी आणि बाळबोध मिसळलेले असेल तर लिपी कुठे बदलते ते लिहा, कारण खासगी मजकूर लोक अनेकदा मोडीत लिहीत. वाचायला सोपी, सुधारलेली प्रत त्यानंतर, वेगळ्या फाइलमध्ये.

तारीख तिथीत आणि शकात असेल तर इसवी सनातून 78 वजा हा हिशेब पाडव्यानंतरचा, त्याआधी 79. पाडव्यानंतरचे 1944 म्हणजे शके 1866. वद्य पक्षातली तिथी असेल तर आणखी सावध राहा: उत्तर भारतीय पंचांगात त्या पंधरवड्याला पुढच्या महिन्याचे नाव असते, आणि लष्करात पंचांग कुठले मिळेल याचा भरवसा नसतो. मग ती तारीख पलटणीच्या अधिकृत वॉर डायरीशी ताडून पाहा. दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय तुकड्यांच्या अशा डायऱ्यांचा मोठा भाग लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. घरातल्या दुसऱ्या कुणाची रोजनिशी असेल तर ती सोन्यासारखी. राद्नोतीची पत्नी फान्नी द्यार्मती हिने 1935 ते 1946 ची रोजनिशी ठेवली होती. ती 2014 मध्ये छापली गेली आणि कवीच्या कितीतरी दिवसांना तिच्यामुळे दुसरा साक्षीदार मिळाला.

पानांवरच्या सुरकुत्या सपाट करण्याआधी थांबा. एडवर्ड थॉमस या इंग्रजी कवीच्या 1917 च्या खिशातल्या डायरीच्या पानांवर विचित्र अर्धगोल वळ्या आहेत. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या आरास इथे तोफगोळ्याच्या दाबाने, अंगावर जखम न होता तो मेला आणि त्याच दाबाच्या या वळ्या, असे कितीतरी वर्षे सांगितले जात होते. पुढे त्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचे पत्र उजेडात आले, आणि त्यात छातीतून आरपार मार लागल्याचे लिहिलेले निघाले. वळ्या आहेत तशाच आहेत. अर्थ बदलला, तो पाने कुणी इस्त्रीखाली घातली नव्हती म्हणून पुन्हा तपासता आला. तेव्हा घडी, डाग, वळी यांचे तिरप्या उजेडातले फोटो आधी घ्या, ‘कशामुळे’ हा रकाना रिकामा ठेवा, आणि वही आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी ठेवा, उभी नाही.